तिलेमिस बागवानाचे सात वेढे

तोलेगेन अल्माबायेवने उभा जन्म अल्माटी शहरात बस चालवली. कुठल्या थांब्यानंतर कुठला थांबा येतो हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने बिनचूक सांगितलं असतं. पण त्या शरद ऋतूतल्या एका रविवारी, स्वतःच्याच घरात, भरल्या पंगतीत त्याला बापजाद्यांची नावं विचारली गेली आणि तिसऱ्या नावाशी गाडी बंद पडली ती पडलीच.

विचारणारा होता बाल्ताबेक. केगेनकडच्या कुरणांतला घोडेवाला, ऐंशीच्या घरातला, पाठ अजून खांबासारखी. त्याचा मुलगा आणि सून अपघातात गेले तेव्हा नातू येल्दोस लहान होता. म्हाताऱ्यानेच त्याला वाढवलं, शिकवलं, गुरांचा डॉक्टर केलं. आता त्याच नातवासाठी तो तोलेगेनच्या धाकट्या लेकीला, सांदुगाशला, मागणी घालायला आला होता. मागणी तरी कसली, पोरापोरींचं आधीच ठरलेलं. मोठी माणसं फक्त मान द्यायला आणि घ्यायला जमली होती. बाल्ताबेकच्या बायकोने कानातले रुमालात बांधून आणले होते. ते सांदुगाशच्या कानात गेले की सोयरीक पक्की.

मेंढीचं डोकं मानाने बाल्ताबेकसमोर ठेवलं गेलं. त्याने रीतीप्रमाणे कान कापून पोराबाळांना दिला, गालाचं मांस वाटलं, सुरी पुसली, आणि हवापाण्याची चौकशी करावी तशा सुरात म्हणाला, "बरं, मुलीचे सात सांग. मग आमचे मी सांगतो."

सात म्हणजे मुलीच्या बापापासून वर सात पिढ्या. दोन्हीकडच्या साता-सातांत एक जरी पुरुष सारखा निघाला तरी मुलगा आणि मुलगी भाऊ-बहीण, आणि मग लग्नाचं नावही काढायचं नाही. कझाख मुलखात शेंबडं पोरसुद्धा आपले सात धडाधड म्हणून दाखवतं. ज्याला येत नाहीत त्याच्याबद्दल लोक काय बोलतात ते न सांगितलेलं बरं.

"पहिला मी," तोलेगेन म्हणाला. "दुसरा माझा बाप सादिर. लढाईवर गेला, परत आला नाही. तिसरा आजोबा, अल्माबाय. बागवान होता."

"चौथा?"

तोलेगेनने चहाच्या वाटीत पाहिलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी त्याने खरं ते सांगून टाकलं, की आजोबा गेला तेव्हा तो पाच वर्षांचाही नव्हता, बाप त्याने पाहिलेलाच नाही, आणि आईला एवढंच ठाऊक होतं की मोठ्या दुष्काळाच्या साली सासरा पोराला घेऊन वरच्या कुरणांतून खाली आला.

"वरच्या म्हणजे आमच्याच बाजूच्या," बाल्ताबेक म्हणाला. मग त्याने आवाज न चढवता आपला निकाल सांगितला. "राग धरू नकोस, तोलेगेन. मुलगी सोन्यासारखी आहे. पण कुणी सांगावं, आपण एकाच चुलीचे असू. वसंतापर्यंत चार नावं शोधून आण. वेगळी निघाली तर लग्नाच्या जेवणाला मी स्वतः घोडा कापीन. एक जरी आमच्यातलं निघालं तर विषय संपला. आणि नावंच आली नाहीत तर मी दुवा द्यायचा नाही."

कानातले रुमालातच परत गेले.

पाहुणे गेल्यावर बिकेनने, म्हणजे तोलेगेनच्या बायकोने, भांडी जरा जास्तच आवाज करत आवरली. तिचं म्हणणं साधं होतं. नवऱ्याला इंजिनातला प्रत्येक स्क्रू पाठ, आणि स्वतःच्या घराण्याचं इंजिन कधी उघडून पाहिलं नाही. सांदुगाश मात्र हसत होती. "बाबा, तुम्ही काळजी करू नका. चार म्हाताऱ्यांचीच तर नावं हवीत, बागेच्या बाकावर बसलेले असतात ते पकडून आणू." असं म्हणून ती पाणी प्यायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तोलेगेन उठून दारापर्यंत गेला. आतला आवाज ऐकला आणि तसाच परत येऊन बसला.

दोघं कचेरीत जाऊन सही करू शकत होती. कायद्याला सात बापांशी काही देणंघेणं नव्हतं. पण येल्दोसने दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं की ज्याने मला तळहातावर वाढवलं त्याच्या दुव्याशिवाय मी तुमच्या दारात नवरा म्हणून उभा राहणार नाही. तोलेगेनला राग यायला हवा होता. पण असा जावई मिळणार नाही एवढंच त्याच्या मनात आलं, आणि तो आणखीच खचला.

हिवाळाभर तो हिंडला. प्रत्येक कुळात एखादा तरी माणूस असा असतो की जो तीनशे वर्षांपूर्वीचं कोण कुणाचा ते बसल्या जागी सांगतो. तोलेगेन एकेकाकडे साखरेची पुडी आणि चहा घेऊन गेला. सगळ्यांनी बसवून घेतलं, खाऊ घातलं, आणि मान हलवली. अल्माबाय? नाही बुवा, आमच्यात असा कुणी नाही. एकाने तर तोंडावर सांगितलं, "तिकीट हरवावं तसा आजोबा हरवलास की रे. असा माणूस जन्मालाच आला नसेल." दप्तरखान्यातल्या बाईने दोनदा शोधलं. सरकारी बागेच्या कामगारांत अल्माबाय नावाचं कुणी नव्हतं.

तोलेगेनला आजोबा आठवायचा तो तुकड्यातुकड्यांनी. ओल्या सालीचा वास. डोक्यावर ठेवलेला खडबडीत हात. खिशातून निघणारी वाळलेल्या सफरचंदाची फोड, तिला चिकटलेली तंबाखू पुसून दिलेली. एवढीच मिळकत. यातून चार पिढ्या काढायच्या म्हणजे अवघडच होतं. खरं सांगायचं तर शोधताना त्याला भीतीही वाटत होती. नावं सापडली आणि त्यातलं एक नको तेच निघालं तर लेकीचा संसार मोडायला बापच कारण होणार. काही संध्याकाळी तर त्याला वाटायचं, काहीच सापडू नये.

शेवटी सांदुगाशनेच त्याला ढकललं. "तुम्ही माणसांना विचारत सुटलात. तो तर झाडांत राहायचा. बागेत जाऊन आलात का?"

तो गेला नव्हता. लढाईनंतर आई उलजान त्याला घेऊन शहरात कारखान्यात कामाला आली, तेव्हापासून आजोबा जिथे राबला ती कोकबास्ताऊची बाग त्याने पाहिलीच नव्हती. बर्फ वितळायला लागलं तसा तो एका सकाळी बसमध्ये बसला, प्रवाशाच्या जागेवर. पूर्ण वाटभर ड्रायव्हर गिअर कसा चुकीचा टाकतोय तेच पाहत राहिला.

बागेतली अर्धी झाडं गेली होती. त्या जागी शहरातल्या पैसेवाल्यांचे उंच भिंतींचे बंगले उभे होते. उरलेल्या अर्ध्या बागेतली झाडं म्हातारी झाली होती, पण जिवंत होती. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, जुनं माणूस आता एकच, एम्मा आपा. बाकीचे जर्मन केव्हाच जर्मनीला गेले, ही गेली नाही. ती खाली कलमांच्या कोठीत असेल, या दिवसांत ती दुसरीकडे कुठे नसते.

कोठी अर्धी जमिनीत होती. आत भट्टी, ओल्या भुशाच्या पेट्या, आणि खिडकीशी एक ठेंगणी, जाड चष्म्याची म्हातारी. डोक्याला रुमाल, हातात वाकडी सुरी. तोलेगेनने सलाम केला, नाव सांगितलं आणि लगेच मुद्द्यावर आला. आपण अल्माबाय बागवानाची माहिती काढायला आलोय म्हणाला.

"अल्माबाय?" ती अस्सल जुन्या वळणाच्या कझाखमध्ये म्हणाली. "असा कुणी नव्हता इथे."

तोलेगेन भुशाच्या पेटीवरच बसला. म्हणजे 'असा माणूस जन्मालाच आला नसेल' म्हणणाऱ्याचं खरंच होतं. तो तसाच उठून निघाला असता, पण बसची वेळ व्हायला अवकाश होता. बसल्या बसल्या त्याने स्वतःशीच बोलावं तसं सांगितलं की एकुलता एक मुलगा होता त्याला, सादिर, तो लढाईवर गेला. सून होती उलजान.

एम्माने सुरी खाली ठेवली. चष्मा वर केला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि इतकी हसली की तिला खोकला लागला.

"अरे, तू उलजानचा! तुझं नाक मी पुसलंय. अल्माबाय म्हणे! ते तर तुझ्या आईने ठेवलेलं नाव. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही ना तुमच्या सुनांनी. ती दारातून ओरडायची, 'एम्मा, अल्माबायना सांग चहा झाला.' सफरचंदवाले म्हणून अल्माबाय. त्याचं खरं नाव तिलेमिस."

तोलेगेनला आधी कळलंच नाही. मग हळूहळू उलगडलं. त्याच्या जन्माची नोंद करायला आईच गेली असणार, बाप लढाईवर होता. कारकुनाने आजोबाचं नाव विचारलं, आडनाव त्यावरूनच लावायचं होतं. आणि ती बाई सरकारी कचेरीत, परक्या पुरुषासमोरसुद्धा सासऱ्याचं नाव ओठांवर आणेना. घरात जे म्हणायची तेच तिने सांगितलं. कारकुनाने लिहिलं. साठ वर्षं तोलेगेन, त्याची बायको, त्याची मुलं, सगळी एका सुनेच्या अदबीचं आडनाव लावून फिरत होती.

आईवर त्याला क्षणभर चीड आली. नाव घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं, बाई? पण मग कारकुनासमोर मान खाली घालून उभी असलेली ती डोळ्यांसमोर आली. नवरा गेला की आहे तेही ठाऊक नसलेली, कडेवर पोर असलेली एवढीशी मुलगी. तिची चीड येणार तरी कशी.

एम्माने चहा टाकला आणि तिलेमिसबद्दल जे आठवत होतं ते सांगत बसली. दहा वर्षांचा असताना तो एका कोसॅकच्या, म्हणजे तिथे वसलेल्या रशियन घोडेस्वार शिपायाच्या, बागेत पाट खणायला लागला. झाडांचा नाद लागला तो तिथे. घोडी राखणाऱ्या चुलत्यांनी खूप टिंगल केली, की मुलगा एका जागी मुळं फुटून बसला. दुष्काळ आला तेव्हा कळपवाल्यांचं सगळंच गेलं. टिंगल करणारे काही मेले, काही सरहद्दीपलीकडे गेले ते परत दिसलेच नाहीत. तिलेमिसची बायकोही त्याच साली गेली. तो मात्र सादिरला घेऊन खाली या बागेत आला आणि तिच्या आधाराने जगला. आपल्या माणसांचं पुढे काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायला कुणी उरलंही नव्हतं.

मग लढाई लागली. व्होल्गाकाठी पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या जर्मनांना सरकारने गाड्यांत भरून इकडे आणून सोडलं, त्यांत तेरा वर्षांची एम्मा होती, आई आणि दोन भावंडांसकट. बाप वाटेतूनच मजुरीच्या छावणीत नेला होता. गावात त्यांना कुणी दारात उभं करीना, शत्रूची माणसं म्हणून. तिलेमिस हातगाडी घेऊन आला, त्यांची बोचकी गाडीत टाकली आणि या कोठीत भट्टीशेजारी जागा दिली.

"उलजान चिडली होती," एम्मा म्हणाली. "तिचा नवरा तिकडे जर्मनांशी लढायला चाललेला. ती बरोबरच होती. तिलेमिस तिला म्हणाला, ही पोर कुणावर गोळी झाडत नाही, हिला थंडी वाजतेय. दुसऱ्या दिवशी उलजाननेच आम्हाला दूध आणून दिलं."

तोलेगेन चहा प्यायला. मग त्याने भीत भीत विचारलं, की आजोबा कधी स्वतःच्या बापाचं नाव बोलला होता का.

एम्मा काम थांबवणाऱ्यांतली नव्हती. तिने कलमाचा खुंट उचलला, तिरपा छेद दिला, तसाच छेद काडीला दिला, दोन्ही एकमेकांत बसवले आणि भिजवलेल्या सालीची पट्टी गुंडाळू लागली. गुंडाळताना तिचे ओठ हलत होते.

"कसला दुवा म्हणताय, आपा?"

"दुवा कसला? तुझे आजोबे आहेत हे." ती पट्टी फिरवत राहिली. "सादिर बेपत्ता झाल्याचा कागद आला तेव्हा तिलेमिस कितीतरी दिवस या कोपऱ्यात बसून होता. जेवायचा नाही. मग एक दिवस उठला, माझ्या हातात सुरी दिली आणि म्हणाला, शीक. कलमाला सात वेढे. प्रत्येक वेढ्याला एक बाप. माझ्या बापापासून सुरू कर. तू तेव्हा रांगत होतास. त्याला वाटलं असेल, मुलगा नाही, नातू मोठा होईपर्यंत नावं कुठेतरी ठेवायला हवीत. मी समोर होते. मला तुमची भाषा आली ती या नावांपासून."

"मग तुम्ही आम्हाला कधी सांगितलं का नाही?"

एम्माला खरंच आश्चर्य वाटलं. "तुम्हाला सांगायचं? तुम्हा लोकांना पाठ असतात ना."

तोलेगेनने खिशातून पेन काढलं. नावं सांगा म्हणाला. तिने तोंड उघडलं, एक नाव सांगितलं आणि अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली. हातात खुंट आणि पट्टी असल्याशिवाय नावं ओळीने येतच नव्हती, आणि हात चालू लागले की ती लिहून घेण्याइतकी थांबत नव्हती. शेवटी तोलेगेनने पेन खिशात घातलं. बाल्ताबेकलाही कागद नकोच होता, त्याला माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. तोलेगेनने तिला शहरात यायची विनंती केली. ती म्हणाली, येईन, पण खुंट माझे मी आणीन, तुमच्या शहरातली झाडं मला पसंत नाहीत.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हर गिअर कसा टाकतोय याकडे त्याचं लक्ष गेलं नाही. आजोबाने एका भुकेल्या पोरीला भट्टीशेजारी बसवलं होतं. ती पोर साठ वर्षं त्याचं घराणं सांभाळत बसली होती, आणि आभार मागायलाही आली नव्हती. तोलेगेनला बसमध्ये रडू आलं. शेजारच्या बाईने त्याला बिस्किट दिलं.

नवरोजच्या आधी बाल्ताबेक पुन्हा आला. बायको आणि येल्दोस बरोबर होते. बिकेनने दस्तरखान पसरला, बाउरसाक, म्हणजे पिठाचे गोळे, तळले. एम्मा डोक्याला धुतलेला रुमाल बांधून, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तोलेगेनने सगळी हकीकत सांगितली.

बाल्ताबेकने ऐकून घेतलं, पण त्याच्या कपाळाची आठी गेली नाही. "म्हणजे सात बाप कझाखाचे, आणि साक्ष जर्मन बाईची?"

सांदुगाश दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. तोलेगेन काही बोलणार तोच एम्मा म्हणाली, "साक्ष नाही हो. मला फक्त पाठ आहे. खरं-खोटं तुम्ही ठरवा."

तिने दस्तरखानाचा एक कोपरा मागून घेतला. बिकेनने जुना पेपर पसरला. पिशवीतून खुंट निघाला, काडी निघाली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली सालीची पट्टी निघाली. बाल्ताबेकने डाव्या हाताची तीन बोटं आधीच मिटली होती, तोलेगेनसाठी, सादिरसाठी आणि तिलेमिससाठी. छेद देऊन झाले. पट्टीचा पहिला वेढा बसला.

"बोरांकुल."

चौथं बोट मिटलं. "येसिरकेप." पाचवं. म्हाताऱ्याचा चेहरा कोराच होता. दुसरा हात उघडला. "शोमान." सहावं. तोलेगेनही मनात मोजत होता. अजून एक पिढी सुखरूप गेली की झालं.

"तोक्सेइत."

सातवं बोट अर्धं मिटून थांबलं. "थांब," बाल्ताबेक म्हणाला. "काय म्हणालीस?"

येल्दोसने सांदुगाशकडे पाहिलं. तोलेगेनला कळलं की हे नाव म्हाताऱ्याच्या ओळखीचं आहे.

"मध्ये थांबवलं की मी चुकते," एम्मा म्हणाली, आणि खरोखरच अडली. पट्टी सुटली होती. तिने ती पूर्ण सोडवली, ओल्या फडक्यावरून फिरवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बोरांकुल. येसिरकेप. शोमान. घरात कुणी वाटी खाली ठेवत नव्हतं. तोक्सेइत. आणि पाचवा वेढा घ्यायला तिचा हात फिरला, तेव्हा तिच्याबरोबरच, तिच्याच चालीत, बाल्ताबेकच्या तोंडूनही ते नाव बाहेर पडलं.

"माल्दिबाय."

म्हातारा मिटलेल्या बोटांकडे पाहत राहिला. मग त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि आपल्या बाजूचे, येल्दोसच्या बापापासून, एकेक करून मोजले. सगळे ऐकत होते. सातही पुरुष वेगळे निघाले. आठवा माल्दिबाय.

"माल्दिबायला दोन मुलं," तो म्हणाला. "धाकट्याचे आम्ही. थोरला तोक्सेइत, एका घोडीवरून भावाशी भांडला आणि निघून गेला. आमचा आजा सांगायचा तेव्हा तोक्सेइत म्हणायचा आणि गप्प बसायचा. पुढे कोण झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हे नाव या बाईला कोण सांगणार? आमच्या घराबाहेर ते कुणाला माहीतच नाही." त्याने तोलेगेनकडे पाहिलं. "दोन्हीकडून आठवा आहे. सात सुटले. पोरं मोकळी आहेत. आणि तू, तोलेगेन, तू आमच्या रुसून गेलेल्या थोरल्याचा आहेस. फार वाट पाहायला लावलीस."

बाल्ताबेकची बायको कधी उठली आणि कानातले रुमालातून कधी निघाले ते तोलेगेनने पाहिलं नाही, कारण त्याला काही दिसत नव्हतं. बिकेनने त्याच्या हातात फडकं दिलं, ते नेमकं सालीच्या पट्टीचं ओलं फडकं निघालं, आणि सांदुगाश रडता रडता हसली. कानातले घातल्यावर ती धावत आली ती बापाकडे नाही, एम्माकडे. म्हातारीचे मातीचे हात तिने दोन्ही डोळ्यांना लावले.

मन भरून आलेल्या माणसाला सुचतं तेच तोलेगेनला सुचलं. त्याने एम्माला सांगितलं की हे ऋण आम्हाला सात जन्मांत फिटणार नाही. मग न राहवून विचारलं, "पण आपा, एवढी वर्षं कशाला जपलीत? तिलेमिस गेला, आम्ही निघून गेलो. वेढे तर मुक्यानेही घालता आले असते."

एम्मा आपली सुरी पुसत होती.

"माझे मला ठाऊक नाहीत ना," ती म्हणाली. "वडिलांचं नाव फ्रीड्रिख. सुतार होते. एवढंच. त्यांच्या वरचे कोण, ते त्यांनी सांगायचं होतं, ते छावणीतून आलेच नाहीत. आईला विचारायचं राहून गेलं. इथे ज्याला त्याला सात. मला एकच. म्हणून मी तुझेच वापरले. तिलेमिस म्हणाला होता, वापर."

बाल्ताबेक उठला, आपली मानाची जागा सोडली आणि एम्माला हाताला धरून तिथे नेऊन बसवलं. ती नको नको म्हणत होती. तो तिच्या खालच्या अंगाला बसला आणि दुव्यासाठी ओंजळ उघडली. सगळ्यांनी उघडली.

पोरांना सुख मागून झालं, घराला बरकत मागून झाली. मग त्याने गेलेल्यांची नावं घेतली. सादिर, तिलेमिस, बोरांकुल, येसिरकेप, शोमान, तोक्सेइत, माल्दिबाय. उलजानचं नाव तोलेगेनने मधेच पुरवलं, तेही घेतलं. नावं संपली तरी म्हाताऱ्याने ओंजळ मिटली नाही. तो एम्माकडे वळला.

"तुझ्या वडिलांचं नाव पुन्हा सांग."

"फ्रीड्रिख."

केगेनच्या घोडेवाल्याच्या जिभेला ते नाव पेलेना. दोनदा ते तुटलं. एम्माने हळू आवाजात, एकेक अक्षर सोडवून सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने ते नीट उच्चारलं, तिलेमिसच्या नावाला जोडून पुन्हा एकदा म्हटलं, आणि मगच सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.